फोन जवळ असू द्या

३ मार्च, सोमवार

वर्गातल्या बाईंनी सांगितलं म्हणून ही वही. रोज लिहा म्हणाल्या, नोकरीसाठी आज काय केलं, काय वाटलं, काय समजलं नाही. आणि कोणाला दाखवू नका. चोवीस वर्षं मी लॉगबुक लिहिलं, पण त्यात 'काय वाटलं' असा रकाना नव्हता. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, किलोमीटर, डिझेल, बिघाड. झालं. पण सांगितलंय तर लिहायचं.

वर्ग आमच्यासारख्या फौजेतून निवृत्त झालेल्यांसाठी आहे. कंपनीत नोकरी कशी शोधायची, मुलाखतीत काय बोलायचं, हे तीन दिवसांत शिकवतात. आम्ही अकरा जण. अकराही जण वीस मिनिटं आधी येऊन बसलेले. बाई बरोबर वेळेवर आल्या तरी आम्हाला वाटलं, उशीर केला. त्या दारातून आत आल्या आणि आम्ही सगळे खाडकन उभे राहिलो. बाई दचकल्याच. पहिला धडा तोच मिळाला: कंपनीत कोणी आत आलं की उभं राहायचं नाही. थोड्या वेळाने चहा घेऊन माणूस आला तेव्हा आम्ही सगळे मोठ्या नेटाने बसून राहिलो.

दुसरा धडा, 'आम्ही' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. मला उभं केलं.

"तुम्ही काय काम करत होतात?"

"आम्ही ताफे नेत होतो. सामानाच्या गाड्यांचे."

"किती गाड्या?"

"चाळीस. कधी साठ."

"त्यात तुम्ही स्वतः काय करत होतात?"

"मी शेवटच्या गाडीत बसायचो."

मागे कोणी तरी हसलं. बाई हसल्या नाहीत. का बसायचात, म्हणाल्या. मी म्हटलं, कोणी मागे राहिलं तर कळावं म्हणून. बाईंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हे मुलाखतीत नक्की सांगा. त्यात सांगण्यासारखं काय आहे ते समजलं नाही. कोणी तरी शेवटच्या गाडीत बसणारच ना.

तिसरा धडा तर डोक्यावरूनच गेला. मुलाखत झाली की दोन दिवसांत त्यांना आभाराचं पत्र पाठवायचं, आणि आठवड्याने फोन करून 'माझं काय झालं' विचारायचं. वरिष्ठांशी असा आगाऊपणा मी जन्मात केला नाही. बाई चांगल्या आहेत, पण त्यांना कधी कोणाच्या हाताखाली काम करावं लागलं नसावं.


६ मार्च, गुरुवार

मुलीने माझी माहिती संगणकावर लिहिली. एका पानात बसवायची म्हणे. चोवीस वर्षं आणि एक पान. मी सांगत होतो आणि ती भराभर काही तरी वेगळंच टाइप करत होती. मी म्हटलं 'ताफा', तिने लिहिलं 'पुरवठा साखळीचे नियोजन'. मी म्हटलं 'पोरांना वेळेवर जेवायला घालायचो', तिने लिहिलं 'मनुष्यबळ व्यवस्थापन'. शेवटी तिने पान वाचून दाखवलं. माणूस चांगला वाटला, पण माझ्या ओळखीचा नव्हता.

"हे खोटं नाही ना?" मी विचारलं.

"बाबा, एक शब्द खोटा नाही. फक्त त्यांच्या भाषेत आहे."

मुलगी एकोणीस वर्षांची आहे. माझ्या नोकरीच्या काळात तिला मी सगळे दिवस मिळून चार-पाच वर्षं पाहिली असेल. तिच्याकडून हुकूम घ्यायला मला विचित्र वाटतं, आणि आवडतंही. हे बाईंना दाखवायचं नाही म्हणून लिहिलं.

घरात आणखी एक विषय आहे. ही, म्हणजे मुलीची आई, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथून एकाला आठ महिन्यांच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी पाठवणार आहेत आणि परत आल्यावर त्यालाच प्रयोगशाळेचा प्रमुख करणार आहेत. डॉक्टरांनी हिचं नाव सुचवलंय. पण त्या आठ महिन्यांत पगार नाही, आणि माझी पेन्शन घरभाडं नि मुलीची फी यातच संपते. म्हणजे मला नोकरी लागली तर ही जाणार. एकतीस मार्चपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. हिने फॉर्म भरून ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे.

"पुष्कळ वेळ आहे," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. म्हणजे तिलाही तसंच वाटत असावं.


१० मार्च, सोमवार

आज मुलाखत झाली. घरगुती सामान घरोघर पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं गोदाम आहे. त्यांना गाड्यांची ये-जा सांभाळणारा व्यवस्थापक हवाय. पान त्यांना आवडलं असणार, कारण तीन दिवसांत बोलावणं आलं.

पन्नास मिनिटं आधी पोचलो. आत जायची परवानगी नव्हती म्हणून गोदामाला बाहेरून फेरी मारली. एका गाडीत जड खोकी सगळी मागच्या टोकाला लादली होती. चढावर ही गाडी नाक वर करणार हे कोणालाही दिसलं असतं. लादणाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, तुम्ही कोण?" खरं म्हणजे प्रश्न बरोबर होता. मी अजून कोणीच नव्हतो.

आत तिघं होती. एक मोठे साहेब, एक गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला तरुण आणि एक मुलगी, आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. प्रश्न तीच विचारत होती. मी उभा राहिलो नाही. 'मी' म्हणायचं हेही लक्षात ठेवलं, पण दर वेळी 'मी' म्हटलं की शंभर माणसं माझ्याकडे बघतायत असं वाटून घाम फुटायचा.

"तुमचा कमकुवतपणा कोणता?" तिने विचारलं.

"डावा गुडघा," मी म्हटलं. "पण जिना चढताना त्रास नाही."

ती खाली बघायला लागली. पट्ट्यातला तरुण खोकला. मग तिने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, जिथे पाठवाल तिथे. यावर साहेब पहिल्यांदाच हसले. मला वाटतं उत्तर आवडलं.

शेवटच्या गाडीचं सांगायचं राहून गेलं. कोणी विचारलंच नाही.

निघताना साहेबांनी उठून हात मिळवला. "फार बरं वाटलं भेटून," ते म्हणाले. "आम्ही कळवू. फोन जवळ असू द्या."

एवढा सगळा दिवस माझा गोंधळ उडाला होता, पण हे वाक्य मला नीट समजलं. अशी वाक्यं मी चोवीस वर्षं ऐकलीत. ताफा तयार ठेवा, निघायची वेळ कळवू. मग आपण तयार राहायचं. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.


११ मार्च, मंगळवार

बूट पॉलिश केले. तीन शर्टांना इस्त्री. कागदपत्रांच्या प्रती एका पिशवीत घालून पिशवी दाराजवळ ठेवली. फोन चार्ज. अंघोळीला जाताना फोन मुलीकडे दिला आणि सांगितलं, वाजला तर लगेच दार ठोठाव. ती म्हणाली, "बाबा, ते परतही करतात फोन." करत असतील. पण पहिल्या खेपेला उचलला नाही तर आपली काय छाप पडणार?


१३ मार्च, गुरुवार

जेवताना हिने विचारलं, "त्यांनी नक्की काय म्हटलं होतं?"

मी शब्द न शब्द सांगितला. दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते समजलं नाही. या दोघींची आपसात एक भाषा आहे, ती मी नसताना तयार झालीय.

"मग तोवर आणखी दोन-चार ठिकाणी अर्ज करून ठेवा की," ही म्हणाली.

"अगं, एका जागेसाठी तयार राहा म्हणून सांगितल्यावर माणूस दुसरीकडे कसा नाव देईल? उद्या दोन्हीकडून बोलावलं तर?"

"तर चांगलंच आहे ना," मुलगी म्हणाली.

चांगलं कसं? एकीकडे तरी शब्द मोडणारच. कॉलेजात हे शिकवत नाहीत बहुतेक.


१६ मार्च, रविवार

गियर आला होता. त्याला हे नाव मीच ठेवलं, कारण नवीन होता तेव्हा घाटात गियर बदलताना डोळे मिटायचा. नंतर माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला चालक झाला. माझ्याआधी सहा वर्षं निवृत्त झाला आणि आता औषधं पोचवणाऱ्या व्हॅनच्या डेपोत आहे. अजूनही मला उस्ताद म्हणतो, अजूनही खुर्चीच्या टोकावर बसतो.

"उस्ताद, आमच्या डेपोला प्रमुख हवाय," तो म्हणाला. "मालकांना मी तुमचं नाव सांगितलंय. गुरुवारपर्यंत येऊन भेटा. वीस तारखेला ते ठरवणार आहेत."

मला त्याचं फार कौतुक वाटलं. पण सांगावं लागलं की मी मोकळा नाही, दुसरीकडून तयार राहायला सांगितलंय.

"पत्र आलंय?"

"पत्र नाही. साहेबांनी स्वतः सांगितलं, कळवू म्हणून."

गियरने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "उस्ताद, शब्द त्यांनी दिलाय की तुम्ही?"

हा काय प्रश्न झाला? दोघांनी मिळूनच तर शब्द होतो. मी तसं म्हटलं तर तो हो हो म्हणाला. माझ्यापुढे त्याने कधी वाद घातलेला नाही. जाताना दारात हिच्याशी काही तरी बोलला. ही आत आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी सकाळीच घासून झाली होती.


१८ मार्च, मंगळवार

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, एका मोठ्या कंपनीत आहे. काय करतो ते त्याने मला चार वेळा समजावून सांगितलंय. तो आपणहून आला असं तो म्हणाला, पण हिने बोलावला असावा.

"भाऊजी, स्पष्ट सांगू का? 'आम्ही कळवू' म्हणजे नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. निवडलं नाही. तसं तोंडावर म्हणत नाहीत, म्हणून असं म्हणतात."

"का नाही म्हणत?"

"वाईट वाटू नये म्हणून."

माझं डोकं फिरलं. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? रस्ता बंद असेल तर 'बंद आहे' म्हणतात. 'बघू, कळवू' म्हटलं तर चाळीस गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहतील, त्यांचं काय? मी त्याला म्हटलं, तुझ्या कंपनीत खोटं बोलत असतील, सगळीकडे नसतील बोलत. तोही चिडला. "भाऊजी, तुम्ही चोवीस वर्षं कुठे होतात, या जगात नव्हतात का?" म्हणाला. ही मध्ये पडली म्हणून बरं.

तो गेल्यावर मी फोनचा आवाज तपासला. मोठाच होता.

मला एकच कळत नाही. साहेबांनी माझ्या डोळ्यांत बघून हात दाबला होता. त्यांना माझ्याशी खोटं बोलायची गरज काय? मी तर त्यांच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.


२१ मार्च, शुक्रवार

फोन आला. बँकेचा होता, कार्ड हवंय का विचारत होते. मी त्या माणसाला म्हटलं, लाइन अडवू नका.

काल वीस तारीख होती. गियरच्या डेपोचा विचार मनात येऊन गेला, पण तो विषय संपला.

ही आज उशिरा आली. डॉक्टरांना भेटायचं होतं म्हणाली. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. मी चहा करून दिला. सगळं ठीक ना, विचारलं. हो, सगळं ठीक, म्हणाली. बाकी काही विशेष नाही.


२५ मार्च, मंगळवार

पंधरा दिवस झाले. तीन शर्टांना पुन्हा इस्त्री केली, घडीवर सुरकुत्या पडल्या होत्या.

आज खोटं लिहिणार नाही. मला भीती वाटते. ताफ्यात असताना कधी वाटली नाही अशी. तिथे पुढे काय आहे ते माहीत नसायचं, पण आपण कोण आहोत ते माहीत असायचं. इथे मी सकाळी सहाला तयार होऊन खुर्चीत बसतो. दोघी आपापल्या कामाला जातात. मग घर एवढं गप्प होतं की फ्रिज सुरू झाला तरी मी फोनकडे बघतो.

जेवणानंतर मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला फोन करायचा नाहीये, ठीक आहे. पण तुमची गाडी इतके दिवस रस्त्यात उभी असती आणि वरून काहीच कळलं नसतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, माणूस पाठवला असता.

"मग पाठवा," ती म्हणाली आणि उठून गेली.

माणूस म्हणून पाठवायला माझ्याकडे मीच आहे.


२६ मार्च, बुधवार

गेलो. नीट लिहून ठेवतो, कारण मला ते पुन्हा वाचावं लागणार आहे.

गोदामाच्या दारातल्या टेबलावर सांगितलं, हजर झालोय, पुढचा हुकूम काय ते विचारायला आलोय. टेबलामागच्या बाईंना काही उमजेना. त्यांनी दोन-तीन फोन केले. चाळीस मिनिटांनी मुलाखत घेणारी मुलगी खाली आली. तिने मला ओळखलं नाही. मी डाव्या गुडघ्याचं सांगितलं तेव्हा ओळखलं.

"अहो, ती जागा तर तेव्हाच भरली," ती म्हणाली. "अकरा तारखेलाच."

अकरा म्हणजे ज्या दिवशी मी बूट पॉलिश करत होतो.

"पण मला कळवलं नाहीत."

"आम्ही फक्त निवड झालेल्यांना कळवतो."

"साहेब म्हणाले होते, फोन जवळ असू द्या."

तिने टेबलामागच्या बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते सगळ्यांनाच तसं म्हणतात." हे बोलताना तिचे कान लाल झाले. तिने धावत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. ग्लास इतका भरला होता की तिच्या हातावर सांडला. तिच्यावर चिडावं असं मला वाटेना. हे वाक्य तिने बनवलेलं नव्हतं, तिच्या हातात नुसतं आलं होतं.

मी पाणी प्यायलो. म्हटलं, "बेटा, एक काम कर. मला मोकळं केलं असं म्हण."

"म्हणजे?"

"तुमच्याकडून कोणी तरी सांगायला हवं. मला तयार राहायला सांगितलं होतं, ते संपलं म्हणून. त्याशिवाय मला दुसरीकडे जाता येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. थट्टा करतोय की काय, हे ती शोधत असावी. मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही मोकळे आहात, काका. सॉरी."

मी आभार मानून निघालो. बाहेर आल्यावर एका भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहिलो. मेहुण्याचं बरोबर होतं. गियरलाही माहीत होतं. हिलाही माहीत होतं, आणि मुलीलाही. सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट मला सांगायला मेहुणा सोडून सगळे इतके दिवस घाबरत होते. मी एवढा भीतिदायक आहे का, की एवढा मूर्ख आहे?


२८ मार्च, शुक्रवार

काल गियरकडे गेलो. प्रमुखाची जागा वीस तारखेलाच भरली. ती गियरलाच मिळाली. मी आलो नाही म्हणून मालकांनी त्याला दिली. हे सांगताना तो इतका ओशाळला होता की मलाच त्याची पाठ थोपटावी लागली.

त्याची स्वतःची जुनी जागा रिकामी आहे. सकाळी व्हॅन लावणं, कोणती खोकी कोणत्या व्हॅनमध्ये ते बघणं, चालकांच्या वेळा. गियरच्या हाताखाली.

"उस्ताद, तुम्हाला कसं सांगू मी ते," तो म्हणाला.

"सांगितलंस. आता मालकांना भेटव."

मालक आज भेटले. विचारलं, आधी काय करत होतात? मी सगळं सांगितलं, 'आम्ही' म्हणूनच. घाम फुटला नाही. ते म्हणाले, मंगळवारपासून या. मी दोनदा विचारलं, हा होकार आहे का? त्यांना गंमत वाटली. हो म्हणाले, आणि माझ्यासमोरच कागदावर सही करून दिली.

घरी धावत आलो. तीन दिवस हातात होते. ही नुकतीच येऊन चपला काढत होती. मी म्हटलं, "नोकरी लागली. फॉर्मवर सही कर."

तिने दुसरी चप्पल काढली, दोन्ही नीट जोडीने ठेवल्या आणि म्हणाली, "मी त्यांना 'नाही' म्हणून कळवलं. मागच्या शुक्रवारी. दुसऱ्या बाईंचं नाव गेलं."

मागच्या शुक्रवारी. मी मागची पानं उलटून पाहिली. 'बाकी काही विशेष नाही' असं लिहिलंय.

"पण एकतीसपर्यंत वेळ होता."

"डॉक्टरांना आधी हवं होतं. किती दिवस थांबवणार त्यांना? असू द्या. ठीक आहे. नोकरी लागली ते चांगलं झालं." मग तिने सगळ्यांसाठी चहा ठेवला. मला कळेना, आनंद झालाय असं समजायचं की काय.


३० मार्च, रविवार

मुलीला विचारलं, आई रागावलीय का? ती म्हणाली, "मला का विचारता, तिला विचारा."

"मी विचारलं, सगळं ठीक ना म्हणून. ती हो म्हणाली."

मुलीने पुस्तक मिटलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही तिकडून फोन करायचात तेव्हा पहिलं वाक्य तेच असायचं. सगळं ठीक? मी सातवीत होते तेव्हा आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तुमचा फोन आला तेव्हा ती खाटेवर होती, नाकात नळी होती. मी फोन तिच्या कानाला धरला होता. ती म्हणाली, हो, सगळं ठीक."

ती सातवीत म्हणजे सात वर्षांपूर्वी. तेव्हा मी रोज चौकीचौकीला फोन लावून हेच विचारत होतो, सगळं ठीक? आणि सगळीकडून 'हो' आलं की खूण करत होतो. त्याच ओळीत मी घरीही फोन लावला असणार.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही ज्या आवाजात विचारायचात त्याला 'हो' सोडून उत्तरच नव्हतं," ती म्हणाली. रागाने नाही. एखाद्याला पत्ता सांगावा तशी.


१ एप्रिल, मंगळवार

पहिला दिवस. सतरा व्हॅन, बावीस चालक. सगळ्या वेळेत निघाल्या. गियर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो आणि हुकूम द्यायच्या ऐवजी खाकरतो. दुपारी मीच त्याला म्हटलं, सरळ सांगत जा, मला अंदाज बांधता येत नाही. तेव्हा तो भडाभडा बोलला, की सकाळी मी तीन व्हॅन त्याला न विचारता हलवल्या ते त्याला आवडलं नाही. मला इतकं बरं वाटलं. महिनाभरात माझ्याशी असं सरळ बोलणारी माणसं मोजकीच भेटली होती.


६ एप्रिल, रविवार

आज मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. ही खिडकीशी बसून नखं कापत होती. मी समोर स्टूल ओढून बसलो. काय विचारायचं ते आठवडाभर मनात घोळवलं होतं.

"तुला माझा राग आलाय का?"

ती नखं कापत राहिली. एका हाताची झाली. मग नेलकटर खाली ठेवलं.

"हो," म्हणाली. "खूप."

माझ्या मनात चार उत्तरं तयार होती, फोनची, शब्दाची, मेहुण्याची, गियरची. एकही बाहेर काढलं नाही.

"तुम्ही त्या परक्या माणसाच्या एका वाक्यावर सोळा दिवस खुर्चीत बसलात," ती म्हणाली. "मी वीस वर्षं 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतेय. माझं एक वाक्य तुम्ही कधी असं ऐकलंत?"

मी 'नाही' असं म्हटलं.

"ऑक्टोबरात पुन्हा जागा निघते," ती म्हणाली. "तेव्हा मी जाणार आहे. तुमची नोकरी असो, नसो. मुलीची परीक्षा असो, नसो. मी विचारत नाहीये, सांगतेय."

"बरं," मी म्हटलं. "मग त्या आठ महिन्यांत मला काय काय करावं लागेल?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, डोळे बारीक करून, जसं ती प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर काही आहे का ते बघत असेल. मग बोलायला लागली. मी सवयीने टेबलावरची ही वही ओढली आणि पेन काढलं.

"लिहून घेऊ नका," ती म्हणाली. "ऐका."

ती दीड तास बोलत होती. घरातल्या कामांपासून सुरुवात झाली आणि मग ती पार मागे गेली, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत. पुष्कळसं मला नवीन होतं. काही वेळा ती रडली, एकदा हसली, आणि दोनदा मला वाटलं की आता उठून जाईल. उठली नाही. मीही नाही.

काय बोलली ते इथे लिहीत नाही. तिने सांगितलंय तसं.